तेलाचा मान

सभेत कुणी उठून "बाई, तुम्हाला स्फुरण कसं येतं?" असं विचारलं की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. विचारणारा बिचारा भाबडा असतो. त्याच्या डोळ्यांपुढे मी पहाटे समई लावून बसलेली असते आणि कुणी मावळा येऊन माझ्या कानात लढाई सांगून जात असतो. मी काहीतरी गुळमुळीत बोलते, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ घेऊन मी घरी येते आणि पुढे दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. आमचे हे म्हणतात, "हिला सत्कार बाधतो." म्हणू देत. बाधतोच. का बाधतो ते मी लपवलेलं नाही, एकदा माइकसमोर उभी राहून सांगितलंय. त्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहत होतो. मी मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची, आणि माझं लिहिणं म्हणजे स्वयंपाकघरातला उद्योग होता. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की उठायचं, स्टोव्हला पंप मारायचा, चहाचं आधण ठेवायचं, आणि पोळपाट पालथा घालून त्यावर कागद ठेवून बसायचं. पोळ्यांची वेळ झाली की पोळपाट पुन्हा सुलटा. माझ्या कितीतरी पानांना कणीक लागलेली असायची, आणि प्रकाशकांनी एकदा विचारलंही होतं, की बाई, ही पानं तुम्ही खळ लावून पाठवता का? भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांचे हातमाग सुरू झाले की दिवसभर खटखट, खटखट. नव्या माणसाचं डोकं उठावं. मला मात्र त्याच्याशिवाय लिहिताच येईना. माझे सगळे घोडे त्या खटखटीवर दौडले. एकदा त्यांचं सूत आलं नाही, माग बंद पडले, आणि माझी फौज सीना नदीच्या अलीकडे आठवडाभर अडकून बसली. घोडा म्हणाल तर टांग्याचा सोडून दुसरा मी जवळून पाहिलेला नाही.

पण अभ्यास करायची हं मी. त्यात कुणी मला नावं ठेवू नयेत. शनिवारी शाळा सकाळची, मग दुपारभर वाचनालयात मुक्काम. बखरी, छापलेल्या सनदा, इंग्रजांनी लिहिलेलं गॅझेटियर, जे हाती लागेल ते. खोगिराखाली काय घालत, तलवारीला गंज चढू नये म्हणून काय चोळत, स्वारीवर निघालेला माणूस कमरेला काय बांधून खायला नेत असे, हे सगळं मी चिठ्ठ्या करून डब्यात ठेवायची. वाचनालयातले ग्रंथपाल म्हातारे होते. दिवे मालवायची वेळ झाली तरी मी उठत नाही म्हटल्यावर ते म्हणायचे, "बाई, ती माणसं मेली आहेत. उद्याही मेलेलीच असतील. घरी जा आता." मला त्यांचा राग यायचा, कारण माझ्या लेखी ती माणसं शेजारच्या विणकरापेक्षा जास्त जिवंत होती.

बहात्तरचा दुष्काळ पडला. आमचे हे बांधकाम खात्यात ओव्हरसियर, तेव्हा यांना दुष्काळी कामांवर धाडलं. वैरागच्या पुढे एका गावाशी तलावाच्या बांधाचं काम निघालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावानं माझ्यापायी पुरेसं सोसलंय. शाळेला सुट्टी होती आणि घरात नळाला पाणी नव्हतं. इथे कोरड्या हंड्यांकडे बघत बसण्यापेक्षा तिथलं ऊन बरं, म्हणून मीही यांच्याबरोबर गेले. पोचलो तर काम थांबलेलं. मजूर खडीच्या ढिगावर बसलेले, आणि बांधाच्या आखणीत मधोमध एक वीरगळ उभा. लढाईत पडलेल्या माणसासाठी जुन्या काळी असा कोरीव दगड उभा करत. हा तेलानं काळाभोर झाला होता. वर चंद्रसूर्य, मधे पिंडीची पूजा, आणि खाली हात उगारलेला एक माणूस. त्याच्याजवळ एक जनावर कोरलेलं होतं, पण ते इतकं झिजलं होतं की घोडा म्हणा की बैल म्हणा. आणि त्या दगडाला पाठ टेकून एक धनगरीण बसली होती, आपल्याच ओसरीवर बसावं तशी.

हे म्हणाले, "मावशी, दगड थोडा बाजूला घेऊ या. अगदी जपून घेतो."

"म्हातारा हलायचा न्हाय," ती म्हणाली. "तुमचा बांध हलवा की."

हे हसले आणि त्यांनी खरंच आखणी थोडी सरकवली. यांच्या अख्ख्या नोकरीत मला सगळ्यात आवडलेलं काम ते.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. आमच्या धंद्यातल्या माणसाला असा दगड दिसला की मांजराला दूध दिसल्यासारखं होतं. "कोण हो हा?" मी विचारलं.

"आमचा म्हातारा."

"नाव काय त्याचं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वर्गात चुकलेय. "म्हाताऱ्याला नाव कशाला पायजे? म्हातारा म्हंजी म्हातारा."

मग तिनं सांगितलं, की दसऱ्याला या दगडाला पहिलं तेल त्यांच्या घरचं. सासू अंथरुणाला खिळली होती, तरी दसऱ्याला तिला उचलून इथे आणायचे आणि तिच्या हातानं तेल घालायचे. तेल घातल्याशिवाय मेंढरं चाऱ्यासाठी गाव सोडत नाहीत. बाकी गावात कुणाला वाटलं तर तो मागून घालतो. एवढंच. ऐन दुष्काळात तिनं आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं आणि मी ते गटागट प्यायले.

घरी आल्यावर तो हात उगारलेला माणूस डोक्यातून जाईना. दगड यादवांच्या काळचा असणार, हे मला दिसत होतं. इतिहास शिकवत होते, एवढं कळायलाच हवं. पण यादवांचं वाचतो कोण? मी त्या माणसाला उचलला आणि शेकडो वर्षं पुढे आणून शिवकाळात बसवला. झिजलेल्या जनावराचा घोडा केला. घोडा आला म्हणजे घोडा पोसणारं घर आलं. धनगराकडे तट्टू असेल, लढाईचा घोडा कुठला, असं माझं मीच ठरवून टाकलं. गॅझेटियरात त्या गावची पाटीलकी जुनी असल्याची एक ओळ होती. तेवढ्यावर मी त्याला पाटलांच्या घरात जन्माला घातला. बारसंही मीच केलं. अर्धं नाव नवी पेठेतल्या एका कापडदुकानाच्या पाटीवरून, अर्धं माझ्या आत्याच्या सासऱ्यांचं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. खोगिराखालच्या घोंगडीची वीण चुकू नये म्हणून मी वाचनालयात डोळे फोडून घेतले, आणि तिच्यावर बसलेला माणूस कुणाचा, हे मला स्वच्छ सांगितलेलं असताना ते सोडून दिलं. बिननावाच्या म्हाताऱ्याचं मी काय करू, असं तेव्हा मला खरोखर वाटत होतं. कादंबरीच्या शेवटी मी गावाचं नाव घालून लिहिलं, की त्या वीराचा दगड आजही तिथे उभा आहे. त्या ओळीवर मी स्वतःच इतकी खूश झाले की यांना पहाटे उठवून वाचून दाखवली.

पुस्तक दिवाळीला निघालं आणि चाललं. शाळेत मुख्याध्यापिकांनी पेढे वाटले. उन्हाळ्यात एक दिवस त्या गावचे पाटील आपण होऊन घरी आले. तरुण माणूस, बी. ए. झालेला, बोलणं मऊ. हातात माझं पुस्तक, कडा पार झिजलेल्या. "बाई, आमच्या घराला आमचाच माणूस ठाऊक नव्हता. तुम्ही दाखवलात," असं म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गावानं माझा सत्कार ठरवला होता.

मला तिथेच सांगता आलं असतं. पोहे परतता परतता मी शब्द जुळवतही होते. पण आपलं लिहिलेलं वाचून कुणी रडलंय हे समोर बसून ऐकायला जे गोड लागतं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. माझी जीभ रेटेना. लाज वाटते सांगायला, पण मी त्यांच्या पोह्यांवर खोबरं जास्त घातलं.

सत्काराला वैरागच्या स्टँडवर जीप घ्यायला आली होती. गावात शिरताना हलगी, लेझीम, पोरींच्या हातात आरत्या. आणि मग मला तो दगड दाखवायला नेलं. सिमेंटचा चौथरा, भोवती लोखंडी कठडा, कठड्याला दार, दाराला कुलूप. पाटीवर पिवळ्या रंगात मी रचलेलं नाव, मागे सरदार आणि खाली मूळपुरुष. दगड मला ओळखूच आला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल त्यांनी सोडा लावून खरवडून काढलं होतं. "आता कोरीव काम कसं लख्ख दिसतंय, बाई," पाटील म्हणाले. 

पाटलीणबाई माझी ओटी भरत होत्या तेव्हा मला कठड्याबाहेर ती धनगरीण दिसली. शेजारी तिचा लेक. तिनं मला ओळखलं होतं. ती नुसती बघत राहिली. मी पाटलांना हळूच विचारलं, "यांच्या घरचा तेलाचा मान होता ना?"

"होता की. पण आपण तेल कुणाला घालतोय हेच त्यांना माहीत नव्हतं, बाई. आता घराण्याचा देव झाला. आत सगळ्यांना कसं सोडायचं? बाहेरनं पाया पडतात बिचारे."

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

माझं भाषण आलं. मी उठले आणि सरळ सांगून टाकलं. हा सरदार मी रचलाय, हे नाव मी ठेवलंय, हा दगड पाटलांच्या घराण्यातल्या माणसाचा आहे असं कुठल्याही कागदात नाही, आणि धनगरांचं हे घर त्याला आपला म्हातारा म्हणून तेल घालत आलंय.   मला वाटलं, सुटले बाई. तेवढ्यात कुणीतरी टाळी वाजवली आणि पाटलांनी माइक हातात घेतला.

"थोर माणसं अशीच असतात," ते म्हणाले. "बाई म्हणतात, मी रचलं. पण मी विचारतो, त्यांच्या लेखणीतनं हेच गाव का आलं? हेच घराणं का आलं? त्यांनी रचलं नाही, त्यानंच त्यांच्याकडनं वदवून घेतलं."

टाळ्यांचा कडकडाट. गुलाल. मी पुन्हा माइककडे गेले तर त्यावर गाणं लागलं होतं. आणि त्यानंतर मी जेवले. शेंगाची चटणी, झणझणीत आमटी, पोळी, वर आग्रह. ताटावरून उठून जाण्याची धमक माझ्यात नव्हती. पाटलीणबाईंनी डब्यात बांधून दिलेली चटणी आम्ही घरी महिनाभर खाल्ली. हे म्हणाले, "तू सांगितलंस ना? मग झालं. तुझी बाजू संपली." मलाही तसंच म्हणून घ्यावंसं वाटत होतं, आणि चटणीचा डबा दिसला की तसं म्हणता येत नव्हतं.

एक दसरा गेला. दुसरा जवळ आला आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, की बाई, तुमच्याकडे खेड्यातलं कुणीतरी आलंय. बाहेर येऊन बघते तर ती धनगरीण शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर तान्हं मूल.

"वळखलं का?" ती म्हणाली.

न ओळखून सांगते कुणाला. गेल्या दसऱ्याला ती आणि लेक तेल घेऊन गेले होते. कुलूप उघडलं नाही. कठड्यालाच तेल लावून परत फिरले आणि मेंढरं घेऊन निघाले. वाटेत रोग आला आणि निम्मा कळप मेला. सासूही त्याच साली गेली.

"म्हातारा बरुबर आला न्हाय," ती म्हणाली. "कसा यील? तेल न घालता निघालाव आमी. लेक म्हनतो, औंदा बी तेल न्हाय घालू दिलं तर मी न्हाय निघत. मेंढरं इकतो आन् सोलापुरात हमाली करतो. आमच्या घरात कुनी हमाली केली न्हाय, बाई."

"मी सांगितलं होतं, मावशी. भर सभेत सांगितलं."

"ऐकलं की मी. खरं सांगून काय झालं? कुनाला पटलं?" तिनं मुलाचं टोपडं नीट केलं. "तुमी लिवलं म्हनून गेलं. आता तुमीच आनून द्या."

कसं आणायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. नातवाचं नाव तिनं ते ठेवलं होतं. कापडदुकान आणि आत्याचा सासरा. तिच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि मी खांब धरला.

"आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठिवत्यात," ती म्हणाली. "तुमी दसऱ्याला यायचं आन् येवडंच म्हनायचं, ह्ये नाव मी ह्यांच्याच घरात ऐकलं हुतं. दुसरं काय न्हाय बोलायचं. मग म्हातारा कुनाचा, त्ये आपुआप कळतंय की सगळ्यास्नी."

मी इतिहासाची शिक्षिका. मी मान ताठ करून म्हणाले, "मावशी, असं खोटं कसं सांगू मी?"

तिला राग आला नाही. तिनं खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "आन् पयलं काय हुतं मग?"

गणिताच्या बाई चहाचा कप घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हसू दाबलं ते मला दिसलं. माझा पारा चढला. मला तास आहे, असं तोडून बोलून मी आत निघून गेले. वर्गात काय शिकवलं देव जाणे. शाळा सुटली तरी ती तिथेच होती, मूल मांडीवर झोपलेलं. मी दसऱ्याला येते म्हटल्यावर ती उठली. घरी सगळं ऐकून हे म्हणाले, "चला, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुला आयतं कथानक दिलं. आता त्यात काही घालू नकोस."

दसऱ्याला एसटीत बसल्यापासून मी तेच एक वाक्य मनात घोकत होते. चौथऱ्याशी पाटलांचं सगळं घर जमलं होतं. त्यांची आई, पाटलीणबाई, नव्या कपड्यांतली मुलं. कठड्याबाहेर धनगरीण तेलाची वाटी घेऊन उभी. तिचा लेक गळ्यात ढोल अडकवून, सून मुलाला घेऊन. मला बघून पाटलांना कोण आनंद झाला. "न बोलावता आलात, बाई. आमचा दसरा सोन्याचा केलात."

मी म्हणाले, "पाटील, एक सांगायचं राहिलं होतं. ते नाव मी या मावशींच्या घरात ऐकलं."

बस्स. एवढंच बोलायचं होतं आणि ते मी बोलले होते. पाटलांचा चेहरा उतरला. "म्हणजे, बाई?" ते म्हणाले. आवाज इतका बारीक की हाच माणूस सभा गाजवतो हे खरं वाटू नये. त्यांची आई माझ्याकडे बघत होती. माझ्या घरी डोळे पुसलेला माणूस मला समोर दिसत होता, ती पिवळी पाटी दिसत होती, गाव कान देऊन उभं होतं. मी गप्प राहिले असते तर काम झालं असतं. मला गप्प राहता आलं नाही. माझ्या कादंबऱ्यांत दोन बाजू समोरासमोर आल्या की मी नेहमी असा काही धागा काढते की दोघांचीही पत राहते. परीक्षणांत त्याचं कौतुक व्हायचं. तसंच माझं तोंड पुढे चालू लागलं.

"यांच्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "बांधाच्या कामावर आले होते तेव्हा. सरदार पडले त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची मेंढरं राखणारा, यांच्या घरचा एक मेंढका होता. त्यानं त्यांना आपल्या घोंगडीत गुंडाळलं, पाठीवर घेतलं आणि ओढ्याच्या अलीकडे आणलं. प्राण जाताना सरदारांनी त्याला शब्द दिला, माझ्या दगडाला पहिलं तेल तुझ्या घरचं. सरदारांचं नाव त्या घरानं जपून ठेवलं, म्हणून तर ते मला मिळालं."

भराभर सुचत गेलं. घोंगडी सुचली तेव्हा मला आतून बरंसुद्धा वाटलं. त्या क्षणाची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

पाटलांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "हे पुस्तकात का नाही घातलंत, बाई?"

"पुढच्या आवृत्तीत घालते," मी म्हणाले.

त्यांनी स्वतः कुलूप काढलं. धनगरणीचा हात धरून तिला आत घेतलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिलं तेल मावशींचं. आजही आणि पुढेही. माझ्या घरातला कुणी आडवा आला तर मला सांगा." लेकानं ढोलावर टिपरी टाकली. तिनं वाटी दगडावर रिती केली आणि तळव्यानं तेल जिरवायला लागली, वरच्या चंद्रसूर्यापासून खालपर्यंत. खरवडलेला दगड पुन्हा काळा दिसू लागला. लेक ढोल वाजवताना रडत होता. मेंढरं निघणार होती, हमाली टळली होती. मी मनाशी म्हटलं, काय बिघडलं? कुणाचं गेलं यात?

मग पाटील अदबीनं म्हणाले, "मावशी, एक विनंती आहे. नातवाचं नाव तेवढं बदला. आमच्या मूळपुरुषाचं नाव आमच्या बायकांना तोंडानं घेता येत नाही, आणि पोरगं तर गावात खेळणार. त्यांनी हाक कशी मारायची त्याला?"

"बदलतो की," ती म्हणाली.

ती तेलकट हात तसेच घेऊन माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तिनं आवाज खाली आणला आणि विचारलं, "माज्या सासूनं सांगितलं ह्ये तुमाला?"

 पाटील हाताच्या अंतरावर उभे होते, कुलूप अजून त्यांच्या हातात होतं.

"तिचं सगळं केलं मी. शेवटाला मांडीवर गेली ती माज्या," ती म्हणाली. "मला म्हनायची, म्हातारा आपला हाय. आन् तुमाला खरं सांगितलं व्हय तिनं? आमी त्येचं मेंढकं हुतो म्हनून?"

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. पुस्तक लिहिणारी बाई सांगतेय म्हणजे तसंच असणार, म्हणून स्वतःच्या सासूवरचा विश्वास तिनं तिथल्या तिथे काढून घेतला होता. न्हाय, असं मला म्हणायचं होतं. एकच शब्द होता. लेकाचा ढोल चालू होता आणि पाटील माझ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत होते.

"व्हय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. दगडाकडे एकदा बघितलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कठड्याबाहेर आली आणि तिथूनच हात जोडले.